कार्बोरेटर घरच्या घरी धुवायचा: लिंबूसत्व, रॉकेल की भांड्यांचा साबण?

भांडुपकर_नि | १२ सप्टेंबर, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बाबांची यामाहा आरएक्स १०० आहे, १९९४ ची. साडेतीन वर्षं आमच्या इमारतीखाली ताडपत्री पांघरून उभी आहे. बाबा गेल्यापासून तिला कोणी किक मारलेली नाही. गणपती झाल्यावर आई म्हणाली, "या दसऱ्याला तिला हार घालायचा, पण ढकलत आणून नाही. सुरू करून आण."

दसरा २ ऑक्टोबरला आहे, म्हणजे हाताशी वीस दिवस.

आज कार्बोरेटर (इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणारा भाग) काढला. टाकीतलं पेट्रोल कोऱ्या चहाच्या रंगाचं झालंय आणि त्याला जुन्या वार्निशसारखा वास येतोय. खालच्या वाटीचे चार स्क्रू होते. तीन निघाले, चौथ्याचं डोकं झिजलं, तो पकडीने धरून फिरवावा लागला. आत तळाशी मधासारखा पिवळा चिकट थर आहे आणि कडेला मिठासारखी पांढरी खपली. मेन जेटवर (पेट्रोल जायच्या बारीक भोकाचा पितळी तुकडा) हिरवट बुरशीसारखं काहीतरी आहे. पायलट जेट (गाडी स्लोला चालताना पेट्रोल देणारा छोटा जेट) दिव्यासमोर धरला तर पलीकडचं काही दिसत नाही, पूर्ण बुजलाय.

गॅरेजला द्यायची नाही असं ठरवलंय. प्रश्न पैशांचा नाही, बाबा हे सगळं स्वतः करायचे. घरात लिंबूसत्व, व्हिनेगर, भांड्यांचं लिक्विड, खायचा सोडा, अर्धी बाटली रॉकेल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर आणि मोरी तुंबली की टाकतात ती कॉस्टिकची पावडर एवढं आहे. यातलं काय वापरू आणि काय लांब ठेवू?

परळचा_पप्या | १२ सप्टेंबर, रात्री १०:३१

आरएक्स! मालक, आधी फोटो टाका, मग सल्ले.

कुर्ला_गॅरेज | १२ सप्टेंबर, रात्री १०:५८

२६ वर्षं हेच काम करतोय. सरळ सांगतो. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे आणा, अडीच-तीनशेच्या आसपास मिळतो. नळी लावून प्रत्येक भोकात मारा, पाच मिनिटं थांबा, परत मारा. पाणी लावूच नका. कार्बोरेटरमध्ये पाणी गेलं की काम वाढतं. घरातलं वापरायचंच असेल तर फक्त रॉकेल. रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी ब्रशने घासा, पंक्चरवाल्याकडे हवा मारून घ्या. बस.

आणि एअर स्क्रू (स्लोची हवा कमी-जास्त करणारा) काढण्याआधी तो आत पूर्ण टेकेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा. हे विसरलात तर दसरा ट्युनिंगमध्येच जाईल.

जुनी_गाडी | १२ सप्टेंबर, रात्री ११:२०

व्हिनेगर रात्रभर ठेवायचं नाही, एवढं मी सांगू शकतो, कारण मी ठेवलं होतं. २०१६ साली भावाच्या स्कूटरचा कार्बोरेटर स्टीलच्या डब्यात व्हिनेगर भरून झोपायच्या आधी बुडवला. सकाळी बाहेर काढला तर चकचकीत ओतीव भाग काळपट राखाडी झाला होता आणि बोट फिरवलं की पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागत होता. स्लाइड (ॲक्सिलरेटर दिला की वर जाणारा, हवेची वाट उघडणारा तुकडा) जिथे वर-खाली होते ती नळीही आतून तशीच झाली. बसवल्यावर ॲक्सिलरेटर सोडला तरी स्लाइड मध्येच अडकायची. हिंदमाता चौकात सिग्नलला गाडी स्वतःहून रेस व्हायला लागली आणि पुढे बस उभी. चावी बंद केली म्हणून निभावलं. तो कार्बोरेटर नंतर भंगारात गेला.

रसायनी | १३ सप्टेंबर, सकाळी ७:०५

रंगांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली, त्या अनुभवावर लिहितो. जरा लांब होईल.

नि, तुमच्या कार्बोरेटरमध्ये दोन वेगवेगळ्या घाणी आहेत आणि दोघींना एकच औषध लागू पडत नाही. मधासारखा थर म्हणजे शिळं पेट्रोल. पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, उरलेला हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून डिंकासारखा होतो. हा तेलकट कुळातला, त्याच्यावर आम्लाचा काही परिणाम होत नाही. लिंबूसत्वात दिवसभर ठेवलात तरी तो तसाच राहील आणि तुम्ही म्हणाल, लिंबूसत्व कुचकामी आहे. त्याला रॉकेल, थिनर नाही तर गरम पाण्यातला साबण हवा.

पांढरी खपली म्हणजे जस्ताचा गंज. या कार्बोरेटरचा सांगाडा जस्त-ॲल्युमिनियमसारख्या मिश्रधातूचा ओतीव असतो. वाटीच्या तळाशी पाणी साचलं, वर आपली खारी हवा, की जस्त फुलतं. जेटवरचं हिरवं म्हणजे पितळेतल्या तांब्याचा गंज, देवाच्या भांड्यांना येतो तोच. हे दोन्ही रॉकेलला दाद देत नाहीत, त्यांना सौम्य आम्ल लागतं. पण आम्ल गंज खाऊन थांबत नाही, गंज संपला की धातूला लागतं. जुनी_गाडी यांच्या स्लाइडचं तेच झालं. म्हणून आम्ल वापरताना हातात घड्याळ हवं.

मी करतो ती पद्धत अशी. आधी सगळं रबर आणि प्लॅस्टिक बाजूला काढायचं. मग रॉकेलमध्ये रात्रभर. दुसऱ्या दिवशी कडकडीत गरम पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून टूथब्रशने घासायचं, म्हणजे रॉकेलचा तेलकटपणा जातो आणि पुढचं आम्ल धातूपर्यंत पोचतं. त्यानंतर एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व, त्यात सांगाडा दहा मिनिटं, फार तर पंधरा. बारीक बुडबुडे दिसतील. खपली गेली की लगेच बाहेर काढून खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळायचा, उरलेलं आम्ल मरतं. वर दोन-तीनदा साधं पाणी.

पितळेचे जेट आणि जस्ताचा सांगाडा एकाच भांड्यात टाकू नका. पितळेतलं विरघळलेलं तांबं जस्तावर जाऊन बसतं आणि सांगाड्यावर तांबूस डाग पडतात. जेट वेगळ्या वाटीत, पाचच मिनिटं. पितळ गुलाबी दिसायला लागलं म्हणजे त्यातलं जस्त निघून चाललंय, तेव्हा तर ताबडतोब काढा.

कॉस्टिकची पावडर त्या मोरीपाशीच राहू द्या.

स्मिता_दहिसर | १३ सप्टेंबर, सकाळी ८:४०

रसायनी काका, जेटचं वाचून माझ्या आजीचा हात डोळ्यासमोर आला. ती तामण आणि समई चिंचेच्या कोळाने घासायची, चिंच नसली की आमसुलं. हिरवं झालेलं तामण दोन मिनिटांत सोन्यासारखं. मग जेटला चिंच चालेल का?

रसायनी | १३ सप्टेंबर, सकाळी ९:१२

चालेल ना. चिंचेत टार्टारिक आम्ल आहे, काम लिंबूसत्वासारखंच. अडचण चोथ्याची आहे. तामणाला चोथा मदत करतो, घासायला होतो. जेटच्या भोकात मात्र त्याचा एक तंतू अडकला तर तुम्ही जे काढायला निघालात तेच परत भरलंत. कोळ फडक्यातून गाळून घ्यायचा. म्हणून लिंबूसत्व बरं, ते पाण्यात पूर्ण विरघळतं. भांडी घासायच्या पावडरीही याच कारणासाठी नकोत, त्यांत बारीक कण असतात.

कुर्ला_गॅरेज | १३ सप्टेंबर, सकाळी ११:३०

काकांचं रसायन बरोबर असेल, पण जेट बुजला की पोरं हातात काय घेतात ते मी रोज बघतो. क्लच वायरची तार. पोलादी तार पितळेच्या भोकात खुपसतात, चार वेळा आत-बाहेर करतात आणि म्हणतात, मोकळं झालं. मोकळं नाही, मोठं झालं. जेटवर नंबर असतो तो उगाच नसतो, त्या भोकातून किती पेट्रोल जाणार याचा तो हिशोब आहे. भोक जरा जरी वाढलं की गाडी जास्त पेट्रोल खाते, प्लग काळा, पिकअप मेलेला. गिऱ्हाईक म्हणतं, साफ केल्यावर बिघडली.

नि भाऊ, तुम्ही टूथब्रशचा एक केस घ्या किंवा जुन्या चार्जरच्या वायरीतली तांब्याची एक तार. तांबं पितळेपेक्षा मऊ. तीही जोर लावून नाही. दिव्यासमोर धरा, भोक गोल दिसायला हवं, कडेने चंद्रकोर दिसली तर अजून घाण आहे.

भांडुपकर_नि | १३ सप्टेंबर, दुपारी १:०२

काका, उस्ताद, दोघांचेही मनापासून आभार. एअर स्क्रूचे फेरे मोजले: दीड. बाबांच्या डायरीत, जिथे ते पेट्रोलचा हिशोब लिहायचे, त्याच पानाखाली लिहून ठेवलं.

रॉकेल अर्धीच बाटली आहे आणि आता कुठे मिळतच नाही. पेट्रोलमध्येच भिजवलं तर?

सावली_मुलुंड | १३ सप्टेंबर, दुपारी १:४४

नको! घरात पेट्रोल नको. हे मी जीव तोडून सांगतेय.

आमच्याकडे झालेलं सांगते. नवरा बाल्कनीत बसून मोटरसायकलचे भाग पेट्रोलने धूत होता. परातीत जेमतेम दोन ग्लास पेट्रोल. बाल्कनीचं दार उघडं, आतल्या खोलीत देव्हाऱ्यात निरांजन लावलेलं. परात आणि निरांजन यांच्यात दहा-बारा फुटांचं अंतर, मध्ये एक उंबरा. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि जमिनीलगत निळसर काहीतरी सरसरत गेलेलं पाहिलं. फक करून आवाज झाला आणि परात पेटली. नवऱ्याच्या दोन्ही हातांचे केस आणि भुवया गेल्या, उजवं मनगट भाजलं. पडद्याला लागलं नाही हे नशीब. शेजारच्या काकांनी ओली चादर टाकली. मुलगी तेव्हा चार वर्षांची, ती अजून माचिसचा आवाज झाला की दचकते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवरून पाण्यासारखी वाहत जाते, हे आम्हाला नंतर अग्निशमन दलाच्या माणसाने समजावलं. वास येतोय म्हणजे वाफ तिथे पोचलेली आहे.

रसायनी | १३ सप्टेंबर, दुपारी २:२०

सावली ताईंचं लिहिणं इथल्या प्रत्येकाने वाचावं. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही ठिणगी मिळाली तर पेट घेते, म्हणजे मुंबईत ती बाराही महिने तयारच असते. रॉकेलचा तोच आकडा साधारण ३८ अंशांच्या वर आहे, म्हणून ते तुलनेने सुरक्षित. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर मात्र पेट्रोलच्याच पंगतीला बसवा. शिवाय पेट्रोलमध्ये थोडं बेन्झिन असतं, आपल्याकडे १ टक्क्यापर्यंत मुभा आहे. ते कातडीतून आणि श्वासातून अंगात जातं. उघड्या हाताने पेट्रोलमध्ये भाग चोळत बसायची सवय आपण सगळ्यांनीच सोडायला हवी.

रॉकेल नसेल तर रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन आणा. तेही इमारतीखाली, मोकळ्या हवेत वापरा.

टॅक्सीवाल्याचा_मुलगा | १३ सप्टेंबर, संध्याकाळी ७:१५

थोडं अवांतर. माझे वडील २२ वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवत होते, ताडदेवच्या स्टँडवर. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली गाडी. पावसाळ्यात निम्म्या टॅक्स्या बॉनेट उघडून उभ्या असायच्या. वडील जेट काढायचे, ओठांत धरून जोरात फुंकायचे, एकदा जिभेने चाटायचे आणि परत बसवायचे. दोन मिनिटांत गाडी चालू. त्यांच्या तोंडाला कायम पेट्रोलचा वास. आई जेवायला वाढताना आधी खळखळून चूळ भरायला लावायची. आता बेन्झिनचं वाचलं आणि पोटात कसंतरी झालं. शेवटची काही वर्षं त्यांना खोकला होता. त्याचं कारण हेच, असं मी म्हणत नाही, पण कोणी तोंडाने जेट फुंकू नका. सायकलचा पंप घ्या.

३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या दिवशी मी ताडदेवला मुद्दाम जाऊन उभा राहिलो होतो.

परळचा_पप्या | १३ सप्टेंबर, रात्री ८:०३

दादा, वाचून गलबलून आलं. आमच्या गल्लीतल्या काकांचीही पद्मिनी होती. आम्ही पोरं धक्का मारायला ठरलेली, बक्षीस एक वडापाव.

दुरून_वाचक | १४ सप्टेंबर, सकाळी १०:२५

माझं मत वेगळं आहे. या सगळ्याचं मूळ पेट्रोलमधलं इथेनॉल. आता सगळीकडे २० टक्के. जुन्या गाड्यांचे कार्बोरेटर त्यानेच खाल्ले. साफ करून उपयोग काय, पुन्हा तेच पेट्रोल भरायचंय.

रसायनी | १४ सप्टेंबर, दुपारी १२:१०

अर्धं मान्य. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. प्रमाणाबाहेर पाणी झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात, आणि तळ म्हणजे कार्बोरेटरची वाटी. पांढरी खपली तिथूनच येते. जुनं रबरही त्याने फुगतं. आणखी एक गोष्ट, इथेनॉल टाकीतला जुना थर सोडवून पुढे पाठवतं, म्हणून कधी कधी जेट आज साफ केला आणि आठवड्यात पुन्हा बुजला असं होतं.

पण नि यांची गाडी साडेतीन वर्षं उभी आहे, तेव्हा १० टक्क्यांच्या आसपासचंच पेट्रोल होतं. बिनइथेनॉलचं असतं तरी एवढ्या काळात डिंक झालाच असता. रोज फिरणाऱ्या गाडीत पेट्रोल शिळं व्हायला वेळच मिळत नाही. उभी ठेवायची झाली तर पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायची. वाटी रिकामी होते.

जुनी_गाडी | १४ सप्टेंबर, दुपारी १२:४८

कॉक बंद करून वाटी रिकामी करायचं हे एक वाक्य मला २०१६ च्या आधी कोणी सांगितलं असतं तर!

कलिना_२००५ | १४ सप्टेंबर, रात्री ९:३७

पाणी लावूच नका या उस्तादांच्या मतावर माझा एक अनुभव. २६ जुलै २००५, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस. आमच्या चाळीसमोर छातीइतकं पाणी, माझी मोटरसायकल दोन दिवस पूर्ण बुडालेली. पाणी उतरल्यावर कार्बोरेटर उघडला तर वाटीत काळा गाळ, अगदी गाळलेल्या कॉफीच्या चोथ्यासारखा. मी शहाणपणा करून थेट रॉकेल घातलं. गाळ आणि रॉकेल मिळून असं लिबलिबीत काही झालं की ते पायलटच्या वाटेत जाऊन बसलं आणि सुकल्यावर सिमेंट झालं. शेजारच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, चिखल पाण्याने जातो, तेल तेलाने जातं. त्याने बाकीच्या गाड्यांचे कार्बोरेटर आधी बादलीभर साध्या पाण्यात धुतले, मग रॉकेलमध्ये. त्या चालू झाल्या.

म्हणजे पाण्याला कायमची बंदी नको, धुतल्यावर सुकवणं महत्त्वाचं.

कुर्ला_गॅरेज | १४ सप्टेंबर, रात्री १०:१४

पुराच्या गाडीचं तुमचं खरं आहे, तेव्हा आम्हीही पाण्यानेच धुतलं. माझं म्हणणं एवढंच की घरी लोकांकडे कॉम्प्रेसर नसतो. बाहेरून सुकलेलं दिसतं, आतल्या बारीक वाटांत थेंब राहतो. हवा मारायची सोय असेल तर काकांची पद्धत करा, माझी हरकत नाही. हवा मारताना एका भोकावर बोट ठेवायचं आणि हवा कुठून बाहेर येते ते दुसऱ्या हाताने बघायचं. प्रत्येक वाट कुठेतरी उघडते. जिथून काही येत नाही ती अजून बुजलेली.

स्मिता_दहिसर | १५ सप्टेंबर, सकाळी ९:००

माझ्याकडे २०१२ ची ॲक्टिव्हा आहे. वाचून हात शिवशिवतायत. तीच पद्धत करू?

कुर्ला_गॅरेज | १५ सप्टेंबर, सकाळी ९:४८

ताई, तिच्या कार्बोरेटरमध्ये वरच्या झाकणाखाली पातळ रबरी पडदा असतो. रॉकेल, थिनर, स्प्रे काहीही त्याला लागलं की तो फुगतो, मग खाचेत बसत नाही. आधी तो अलगद काढून साबणाच्या पाण्याने पुसून बाजूला ठेवा, उजेडाकडे धरून भोक नाही ना बघा. बाकी तेच. एप्रिल २०२० नंतरची, बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) गाडी असती तर हा प्रश्नच नव्हता, त्यात बहुतेक इंजेक्टर असतो. तो घरी उघडू नये.

झवेरीबाजार_ते_ठाणे | १५ सप्टेंबर, दुपारी ३:३३

एक सोपी वाट सांगतो. सोनार दागिने धुवायला अल्ट्रासॉनिकचं यंत्र वापरतात, चष्म्याच्या दुकानातही छोटं असतं. पाण्यात साबणाचे चार थेंब, ४० किलोहर्ट्झच्या लहरी, दहा मिनिटं. जिथे ब्रश पोचत नाही तिथली घाण धुरासारखी बाहेर येताना दिसते. माझ्या मित्राच्या पेढीवरच्या जुन्या यंत्रात मी दोन कार्बोरेटर धुतले. आधी रॉकेलने चिकटपणा काढून न्या, नाहीतर पुढच्या गिऱ्हाइकाच्या मंगळसूत्राला वास यायचा.

विक्रोळी_बुलेट | १५ सप्टेंबर, रात्री ११:२०

कॉस्टिकचा विषय काकांनी एका ओळीत संपवला, पण ती ओळ वाचूनही कोणीतरी करेल, म्हणून लिहितो.

टू स्ट्रोकच्या सायलेन्सरमधली काजळी काढायला कॉस्टिक सोडा वापरतात, ते बरोबरच आहे. सायलेन्सर लोखंडाचा, कॉस्टिक त्याला खात नाही, काजळी मात्र भुसभुशीत होऊन पडते. मी ते केलं, उत्तम झालं, आणि त्याच बादलीत इंजिनाचं हेड (वरचं झाकण) टाकलं. हेड ॲल्युमिनियमचं. अर्ध्या मिनिटात बादली सोड्याच्या बाटलीसारखी फसफसायला लागली, हात लावला तर चटका बसेल एवढी तापली, आणि बाथरूम घशाला झोंबणाऱ्या वाफेने भरलं. बायको खोकत बाहेर पळाली. हेड चिमट्याने काढलं तेव्हा कोळशासारखं काळं, गॅस्केट बसते ती सपाटी खड्डेखड्डे. नंतर समजलं की त्यातून हायड्रोजन निघतो. बाथरूममध्ये गिझर गॅसचा होता. तो तेव्हा चालू नव्हता, एवढ्यावर आम्ही वाचलो. आजही तो प्रसंग आठवला की अंगावर काटा येतो.

टॉयलेट क्लीनरही तसाच. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्हीला खातं. आणि चुकूनही ते ब्लीचमध्ये मिसळू नका, क्लोरीन वायू होतो.

रसायनी | १६ सप्टेंबर, सकाळी ६:५०

विक्रोळी, तुमचं हे लिहिणं माझ्या ओळीपेक्षा शंभर पटीने उपयोगाचं आहे. पुढच्या वेळी सायलेन्सरसुद्धा मोकळ्या जागी, गॉगल आणि रबरी हातमोजे घालून.

एक विनंती सगळ्यांना. वापरलेलं रॉकेल, टर्पेंटाइन गटारात ओतू नका. आपली पावसाळी गटारं थेट खाडीला आणि समुद्राला जातात. बाटलीत भरून दोन दिवस ठेवा, गाळ खाली बसतो, वरचं पुढच्या धुण्याला वापरता येतं. उरलेला गाळ गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या.

कुर्ला_गॅरेज | १६ सप्टेंबर, सकाळी १०:०५

द्या माझ्याकडे आणून. पिंप भरलं की जुनं ऑइल घेणारा येतो.

भांडुपकर_नि | २१ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

काम कुठवर आलं ते लिहितो.

काकांचीच पद्धत केली. इमारतीखाली पाण्याच्या टाकीमागे बसलो, अर्धी बाटली रॉकेल आणि अर्धी टर्पेंटाइन. पहिल्या रात्रीत मधासारखा थर पूर्ण सुटला, डब्याच्या तळाशी तपकिरी साय धरली. गरम पाण्यात साबण घालून घासलं. मग लिंबूसत्व. मोबाइलवर बारा मिनिटं लावून समोर बसून राहिलो. पांढरी खपली तुकड्या-तुकड्याने सुटली. एका कोपऱ्यात तिच्याखाली बारीक खड्डा निघाला, पण आरपार नाही.

जेट वेगळ्या वाटीत. आईने चिंचेचा कोळ गाळून दिला, तिला तेच करायचं होतं. मेन जेट चार मिनिटांत साफ. पायलट तीन दिवस छळत होता. भिजवला, हवा मारली, केस घातला, काहीच नाही. काल रात्री वायरीतली तांब्याची एक तार हलक्या हाताने फिरवत होतो आणि ती अचानक पलीकडे गेली. दिव्यासमोर धरला तर टाचणीच्या टोकाएवढा गोल उजेड. आईला हाक मारून दाखवला.

सगळं बसवलं, वाटीला नवी गॅस्केट. टाकी धुऊन नवं पेट्रोल घातलं, कॉक उघडला आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकायला लागलं. लगेच कॉक बंद केला. आता?

कुर्ला_गॅरेज | २१ सप्टेंबर, संध्याकाळी ७:०२

फ्लोटखालची निडल, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुई. तिचं टोक बोटाने चाचपा, गोल खाच लागली तर ती संपली, बदला. जिथे ती टेकते त्या पितळी जागेत कापसाची काडी फिरवून पुसा, घासू नका. निडल बसवल्यावर कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या नळीतून हलकं फुंका (तोंडाने नाही, पंपाने). हवा जाता कामा नये.

जुनी_गाडी | २१ सप्टेंबर, संध्याकाळी ७:३०

निडल कुर्ल्याला सीएसटी रोडला मिळेल. जुनी निडल खिशात घेऊन जा, लांबी जुळवून घ्या.

विक्रोळी_बुलेट | २१ सप्टेंबर, रात्री ८:१०

आणखी एक. आरएक्सला ऑइलचा पंप वेगळा आहे. एवढी वर्षं उभी होती म्हणजे नळीत हवा शिरलेली असू शकते. पंपातली हवा काढा आणि पहिल्या टाकीला पेट्रोलमध्येच लिटरला २० मिली टू टी (टू स्ट्रोकचं) ऑइल घाला. धूर जास्त येईल, येऊ दे. पिस्टन कोरडा चालायला नको.

भांडुपकर_नि | २८ सप्टेंबर, सकाळी ११:४५

निडलला खाच होतीच. नवी आणली. ठिबकणं बंद.

आज सकाळी साडेनऊला चोक ओढून किक मारायला सुरुवात केली. अकराव्या किकला एक फुसका आवाज. प्लग काढून पुसला. चौदाव्या किकला सुरू. सायलेन्सरमधून एवढा पांढरा धूर की वॉचमन बादली घेऊन धावत आला. दोन मिनिटांत धूर विरळ झाला, चोक आत ढकलला आणि तो आवाज सुरू झाला, तिन्हीसांजेला बाबा फाटकातून आत वळायचे तेव्हा यायचा तोच. आई तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत होती. तिने हात वर केला आणि आत गेली. नंतर खाली आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, एकसारखी चालत नाही अजून, मध्येच पडते. एअर स्क्रू दीड फेऱ्यावरच आहे.

टॅक्सीवाल्याचा_मुलगा | २८ सप्टेंबर, दुपारी १२:०३

नि, आईंना माझा नमस्कार सांगा.

कुर्ला_गॅरेज | २८ सप्टेंबर, दुपारी १२:२०

गाडी चांगली तापू द्या, दहा मिनिटं फिरवून आणा. मग एअर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत आवाज सगळ्यात चढा कुठे लागतो ते बघा, तिथे थांबा आणि स्लोचा स्क्रू कमी करा. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर जुनं असेल, त्याच्या चिरेतून हवा ओढत असली तरी असंच होतं. हाताने वाकवून बघा. चीर दिसली तर रबर बदला, स्क्रूशी खेळू नका.

भांडुपकर_नि | २८ सप्टेंबर, संध्याकाळी ५:१६

वाकवून बघितलं. खालच्या बाजूला नखाएवढी चीर आहे. उद्या परत कुर्ल्याला.

परळचा_पप्या | २ ऑक्टोबर, सकाळी ९:५०

मालक, आज दसरा. फोटो?

भांडुपकर_नि | २ ऑक्टोबर, दुपारी १:२५

फोटो टाकलाय. झेंडूचा हार हँडलला, टाकीवर हळदीकुंकू आईने वाहिलं. रबर बदलल्यावर स्लो एका सुरात आहे. भांडुप स्टेशनपर्यंत जाऊन आलो, येताना आई मागे बसली होती. कार्बोरेटर पुढे दिसतोय तो झाकला नाही, मुद्दाम.

उस्ताद, उरलेलं रॉकेल बाटलीत आहे. रविवारी घेऊन येतो.